मागील चाकाचे संरेखन (मोटारसायकल)

गाडी ओळंब्यात उभी आणि हँडल सरळ असताना मोटारसायकलची दोन्ही चाके एकाच सुतात असणे म्हणजे संरेखन. गॅरेजमध्ये याला नुसते ‘अलाइनमेंट’ म्हणतात. चेनच्या गाडीत दर वेळी चेन ताणताना ते बिघडू शकते. मागचा एक्सल स्विंग आर्मच्या लांबट खाचांत पुढेमागे सरकतो आणि त्याची दोन टोके दोन स्वतंत्र अ‍ॅडजस्टर ओढतात. बहुतेक गाड्यांत हे काम बोल्ट-नट करतात; जुन्या बुलेटला त्यासाठी गोगलगाईच्या शंखाच्या आकाराचे, खाचा असलेले कॅम असत.

चूक बारीक असते, पण पुढच्या चाकापर्यंत ती वाढत जाते. दोन अ‍ॅडजस्टरांत 200 मिमी आणि दोन्ही चाकांच्या आसांत 1,350 मिमी अंतर धरले, तर एक्सलचे डावे टोक अवघे 1 मिमी जास्त मागे राहिल्याने चाक सुमारे 0.3 अंश डावीकडे वळते. पुढच्या चाकापाशी त्याची रेषा जवळजवळ 7 मिमी सरकलेली असते. मग सरळ जायलाही हँडल किंचित डावीकडे धरावे लागते आणि गाडीचा सांगाडा खेकड्यासारखा तिरका चालतो. पकड सैल केली की गाडी एका बाजूला ओढते. एका बाजूच्या वळणात ती सहज झुकते, दुसऱ्या बाजूला अडखळल्यासारखी वाटते. मात्र भारतातले रस्ते पाण्याच्या निचऱ्यासाठी मध्यापासून कडेला उतरते असतात, त्यामुळे डाव्या कडेने चालणारी निर्दोष गाडीही थोडी डावीकडे जाते. वेगात मागची बाजू डुलत असेल, तर आधी हवेचा दाब, टायरची झीज आणि स्विंग आर्मचे बुश तपासावेत. तो दोष अलाइनमेंटच्या माथी उगाच मारला जातो.

स्विंग आर्मवरच्या खुणा दोन्हीकडे सारख्या जुळवणे ही नेहमीची रीत. पण त्या खुणा नेमक्या असतीलच असे नाही, आणि अपघातात पिळलेल्या स्विंग आर्मवर तर त्यांना काहीच अर्थ उरत नाही. सुताची चाचणी अधिक भरवशाची. मागच्या टायरच्या पाठीमागून दोरी घेऊन, स्टँड आणि सायलेन्सरच्या खालून, ती दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकापलीकडे ताणायची. मागच्या टायरच्या मागच्या कडेला टेकलेली दोरी पुढच्या कडेला नुसती शिवली पाहिजे. पुढचा टायर बहुधा अरुंद असल्याने तिथे दोन्हीकडे फट राहते. ती सारखी असली की चाके सुतात आहेत. दोऱ्या पुढच्या चाकाला समांतर असूनही फटी असमान निघाल्या, तर अ‍ॅडजस्टर फिरवून उपयोग नाही. तेव्हा एखादा स्पेसर चुकलेला असतो किंवा स्पोकच्या चाकाची रिम एका बाजूला ओढली गेलेली असते.

चालकाला काही जाणवण्याआधी चेन बोलते. स्प्रॉकेटच्या दातांची एकच बाजू घासून चकाकते आणि चेनच्या आतल्या पट्ट्यांवर ओरखडे दिसतात.

एक्सलचा नट आवळताना चाक पुन्हा हलते, म्हणून चेन आणि मागच्या स्प्रॉकेटमध्ये चिंधीची घडी अडकवून, एक्सल अ‍ॅडजस्टरवर घट्ट बसवूनच पाना लावावा. ड्रम ब्रेकच्या गाडीत चाक मागे गेले की ब्रेकची दांडी ताणली जाते. पायाच्या ब्रेकचा प्ले शेवटी पुन्हा लावावा लागतो.