लष्कराची जुनी रायफल कोणाच्या कामाची?

कल्याणहून कर्जतच्या बाजूला निघालेली लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर आणि अंबरनाथ अशी जाते. यातले उल्हासनगर मुळात दुसऱ्या महायुद्धातला लष्करी तळ. युद्ध संपले, फौजा गेल्या, बराकी उरल्या. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची सोय त्या बराकींत झाली आणि १९४९ मध्ये या वसाहतीला आजचे नाव मिळाले. लष्कराला नकोशी झालेली वस्तू नागरी जीवनात कशी येते याचे इतके मोठे उदाहरण आपल्याकडे दुसरे क्वचितच सापडेल.

बराकीत माणसे राहू शकतात. मग लष्कराने उतरवलेल्या रायफलीचे काय? ती कोणी घ्यावी, आणि घेताना काय पाहावे?

आपल्या देशात या रायफलीचा इतिहास 'थ्री नॉट थ्री'पासून सुरू करावा लागतो. ली-एनफिल्ड जातीची ही रायफल पहिल्या महायुद्धाच्या आधीची. नळीचा आतला व्यास ०.३०३ इंच, म्हणून हे नाव. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागे ओढून रिकामे काडतूस बाहेर टाकायचे आणि बोल्ट पुढे ढकलून नवे भरायचे. सरावलेला शिपाई हे झपाट्याने करतो, पण प्रत्येक वेळी त्याचा हात चापावरून निघतो आणि नेमही हलतो.

१९६२ च्या चीन युद्धात आपले बहुतेक जवान हीच रायफल घेऊन उभे होते आणि समोर अर्धस्वयंचलित रायफली होत्या. नव्या रायफलीची मागणी सैन्यातून युद्धाआधीच होत होती. ती मार्गी लागली ती पराभवानंतर. 'एसएलआर', म्हणजे आपोआप भरणारी रायफल, बेल्जियमच्या एफएन कंपनीच्या रायफलीवर बेतलेली होती. तिच्या भारतीय आवृत्तीचे काम पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत झाले आणि उत्पादन बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात. त्याच सुमारास ईशापूरने आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. जुनी बोल्टची रायफल अधिक चांगल्या पोलादात घडवून तिला नवे ७.६२ मिलिमीटरचे काडतूस चालेल अशी केली. नव्या काडतुसाचा दाब जास्त असल्याने पोलाद बदलणे भाग होते. एसएलआर सर्वांपर्यंत पोचायला वेळ लागणार होता. तोवर निदान दोन्ही हत्यारांना एकच काडतूस चालावे, हा त्यामागचा हिशेब.

एसएलआरची युक्ती वर्गात फळ्यावर सहज काढून दाखवता येते. गोळी नळीतून पुढे जात असताना तिच्यामागचा तापलेला वायू नळीच्या वरच्या अंगाला असलेल्या छोट्या भोकातून थोडासा बाहेर येतो आणि एका दट्ट्याला ढकलतो. दट्ट्या बोल्टला मागे रेटतो, रिकामे काडतूस उडते, स्प्रिंग दाबली जाते. तीच स्प्रिंग सुटताना नवे काडतूस नळीत सरकवते. चाप मात्र दर गोळीला नव्याने ओढावा लागतो. म्हणून ती 'अर्ध'स्वयंचलित.

आता नववीच्या पुस्तकातला संवेगाचा नियम घेऊ. एसएलआरची गोळी सुमारे ९.५ ग्रॅमची, वेग सेकंदाला ८४० मीटरच्या आसपास. संवेग झाला जवळपास ८ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. रायफल सव्वाचार किलोची धरली, तर वायूचा वाटा सोडूनही ती सेकंदाला जवळजवळ १.९ मीटर वेगाने खांद्यावर मागे येते. गतिज ऊर्जा भरते सुमारे ३,३५० ज्यूल. नंतर आलेल्या 'इन्सास'ची ५.५६ मिलिमीटरची गोळी ४ ग्रॅमची, वेग ९०० मीटर. तिची ऊर्जा १,६०० ज्यूलच्या घरात आणि धक्का निम्म्याहून कमी. विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे. रायफलीच्या निवडीतला अर्धा वाद या दोन आकड्यांतच आहे. डोंगरात चारशे मीटरवरचा शत्रू टिपायचा तर मोठी गोळी बरी. पण हीच गोळी गर्दीच्या ठिकाणी एका माणसातून आरपार जाऊन मागच्यालाही लागू शकते.

काडतुसाचा विषय निघाला की आपण पुन्हा अंबरनाथला येतो. तिथला आयुध निर्माणी कारखाना १९५० च्या दशकातला. लहान हत्यारांच्या काडतुसांसाठी लागणाऱ्या पितळी वाट्या हे त्याचे एक प्रमुख काम. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या, तेव्हा तो 'यंत्र इंडिया'त गेला. पितळ कशाला? सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त यांचा हा मिश्रधातू स्फोटाच्या क्षणी फुगून नळीला घट्ट बसतो, त्यामुळे वायू मागे निसटत नाही. आणि लगेच किंचित आकसतो, म्हणून काडतूस अडकत नाही. आपोआप भरणाऱ्या रायफलीत हे आकसणे फारच मोलाचे, कारण तिथे अडकलेले काडतूस ओढून काढायला हात मोकळा नसतो.

१९९० च्या दशकात इन्सास आली आणि लष्कराच्या एसएलआर मोठ्या संख्येने निमलष्करी व पोलिस दलांकडे वळल्या. (गंमत पाहा: २०१९ मध्ये लष्कराने ७२,४०० नव्या रायफलींचा करार केला तो पुन्हा ७.६२ च्याच काडतुसासाठी.) सामान्य नागरिकाला यातले काहीच मिळत नाही, १९५९ च्या शस्त्र कायद्याने आणि त्याखालील नियमांनी लष्करी जातीच्या रायफली त्याच्यासाठी बंद ठेवल्या आहेत. आम्हाला ते योग्यच वाटते. अमेरिकेत मात्र ईशापूरच्या जुन्या बोल्ट रायफली दुकानात मिळतात आणि हौशी माणसे नळी किती झिजली आहे, ते पाहून त्या निवडतात.

आपल्याकडे निवडणारे गिऱ्हाईक म्हणजे राज्याचे पोलिस, आणि या निवडीची किंमत २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कळली. ठाणे, डोंबिवली, कल्याणची माणसे ज्या स्थानकातून रोज घरी परततात, त्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन दहशतवाद्यांनी स्वयंचलित रायफलींनी पन्नासहून अधिक लोक मारले. तिथल्या पोलिसांकडे लाठ्या होत्या आणि थोड्या थ्री नॉट थ्री. रेल्वे सुरक्षा दलातल्या एका जवानाने सहकाऱ्याची थ्री नॉट थ्री हाती घेऊन गोळी झाडली, हे पुढे सर्वांना कळले.

तेव्हापासून जुन्या रायफलींवर टीकेचा भडिमार झाला, आणि तो रास्तही होता. पण या घटनेची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीने २००९ मध्ये आणखी एका गोष्टीवर बोट ठेवले, तिची चर्चा कमी झाली: दारूगोळ्याची टंचाई आणि त्यामुळे राहून गेलेला गोळीबाराचा सराव. म्हणजे त्या रात्री हातात एसएलआर असती, तरी ती चालवायची सवय कितपत असती हा प्रश्न उरतोच. उत्तर प्रदेश पोलिसांनी जानेवारी २०२० मध्ये थ्री नॉट थ्रीला समारंभाने निरोप दिला. नवी रायफल एकदा विकत घेतली की ती वीस-तीस वर्षे चालते. सरावाची काडतुसे दरवर्षी घ्यावी लागतात, आणि खर्चाला कात्री लागते ती बहुधा तिथेच.