बसलेला गळा आणि घडलेली गायकी



मी डॉक्टर नव्हे आणि गवईही नव्हे. मांजर्लीच्या या वसंतातील व्यासपीठावर कंठाविषयी बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की, गेली तीस वर्षे कारखान्यांच्या दारांत, पाळी सुटण्याच्या गर्दीत, बोलण्यावर माझे काम चालले आहे. सुताराला आपला रंधा ठाऊक असावा, तसे मला वाटले की आपलेही हत्यार एकदा उघडून पाहावे. वाचनालयातून पुस्तके आणली आणि वाचता वाचता एका थोर गवयापाशी येऊन थांबलो.

प्रथम हत्यार पाहू. गळ्यावर जो कंठमणी दिसतो, त्याच्या मागे श्वासनलिकेच्या तोंडाशी दोन पट्ट्या आहेत. आपण त्यांना स्वरतंतू म्हणतो. पण सतारीच्या तारांसारखे त्यांत काही नाही. त्या मांसाच्या दोन घड्या, वर ओलसर नाजूक अस्तर. पुरुषात त्यांची लांबी दोन सेंटिमीटरच्या आसपास, स्त्रीमध्ये त्याहून कमी. श्वास घेताना त्या दूर होतात, बोलू लागलो की जवळ येऊन मिटतात. खालून फुफ्फुसाची हवा दाटते, पट्ट्यांना ढकलून निसटते, आणि पट्ट्या पुन्हा मिटतात. साध्या बोलण्यात पुरुषाच्या गळ्यात हे सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा घडते, स्त्रीच्या गळ्यात दोनशेच्या आसपास. स्वर चढवायचा तर स्नायू या पट्ट्या ताणून लांब व पातळ करतात. मोठ्याने बोलायचे तर खालचा दाब वाढवावा लागतो आणि पट्ट्या एकमेकींवर अधिक जोराने आपटतात. तेथे जन्मतो तो नुसता एक गुणगुणाट. त्याचा ‘अ’ करायचा की ‘ई’, हे घसा, जीभ आणि ओठ ठरवतात.

मी हिशेब मांडून पाहिला. तासाभराच्या भाषणात निम्मा वेळ जरी आवाज चालू धरला, तरी वक्त्याच्या गळ्यात दोन लाखांवर टाळ्या वाजतात. श्रोत्यांच्या टाळ्या त्यापुढे काहीच नव्हेत!

हा सारा खेळ जिवंत माणसात प्रथम नीट पाहिला तो एका गानशिक्षकाने. मान्वेल गार्सिया याने 1854 साली पॅरिसमध्ये दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरून, सूर्यप्रकाशात स्वतःच्याच पट्ट्या हलताना पाहिल्या. पुढल्या वर्षी त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. त्याच 1855 साली राजस्थानात उणियारा येथे अल्लादियाखाँ जन्मले.

खाँसाहेबांकडे वळण्यापूर्वी त्यांचे शिष्य भास्करबुवा बखले यांची हकीकत सांगितली पाहिजे. भास्करबुवा लहानपणी किर्लोस्कर नाटक मंडळीत होते आणि ‘रामराज्यवियोग’ नाटकात कैकेयी करीत. वयात येताच त्यांचा आवाज फुटला. मुलगा वयात आला की थोड्या महिन्यांत स्वरयंत्र वाढते, पट्ट्या लांबतात व जाड होतात, आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. निसर्गाच्या दृष्टीने ही वाढ. नाटक मंडळीच्या दृष्टीने मात्र गाणारा पोर बाद. पण बुवांचा नवा गळा पुढे बडोदे, धारवाड अशा ठिकाणी उस्तादांपाशी शिकून तयार झाला. वाढीने बदललेला आवाज असा पुन्हा घडवता येतो.

खाँसाहेबांचे दुखणे निराळे. कोल्हापुरास येण्यापूर्वी ते अमलेटा या लहानशा दरबारी होते. तेथे मालकाच्या हौसेखातर रात्रंदिवस गावे लागले, आणि एके दिवशी गळा गेला. दोनेक वर्षे तो धड उमटला नाही, आणि परत आला तो पहिल्या गोडीचा नव्हता.

अशा श्रमाने गळ्याचे काय होते, हे आज नीट ठाऊक आहे. पट्ट्या आपटून आपटून सुजतात. हातांना घट्टे पडावेत तशा त्यांच्या कडांवर गाठी येतात. कधी बारीक रक्तवाहिनी फुटते. कडा नीट मिटत नाहीत, मधून हवा गळते, आणि आवाज घोगरा होतो.

लोक याला साधनेची किंमत म्हणतात. मी याला कामावरची दुखापत म्हणतो. ‘आज पुरे’ असे मालकाला सांगण्याची सोय ज्याला नाही, त्याच्या श्रमाला साधना म्हणणे मालकाच्या सोयीचे आहे. आजही बोट यंत्रात सापडले तर कारखान्यात निदान नोंद होते. पण साठ मुलांच्या वर्गावर ओरडणाऱ्या बाईंचा आवाज गेला तर घरी हळद-दूध, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्ग. स्टेशनाबाहेरच्या भाजीवालीला तर रजाही नाही. जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट: तीन आठवड्यांहून अधिक घसा बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवावे. विडी-तंबाखूवाल्यांनी तर टाळूच नये, कारण स्वरयंत्राच्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते.

खाँसाहेबांनी त्या बदललेल्या गळ्याला साजेल अशी गायकी बांधली. आवाजाच्या गोडव्यावर विसंबून न राहता लयीत गुंफलेल्या वळणदार ताना, दमसास, अनवट व जोड राग, यांवर तिची उभारणी झाली. दुखापतीने गायकी दिली, असे मात्र मी म्हणणार नाही. घराण्यातली धृपदाची विद्या आधीच पदरी होती. दुखापतीने एक वाट बंद केली, एवढेच.

शाहू महाराजांच्या आश्रयाने 1895 पासून ते कोल्हापुरात राहिले. 1922 मध्ये महाराज गेल्यावर मुंबईस आले आणि 1946 साली तेथेच वारले. त्यांच्या आवाजाची एकही ध्वनिमुद्रिका नाही. गळा जाण्यापूर्वीचा आवाज नाही, नंतरचाही नाही. जी गायकी आज ऐकू येते ती मोगूबाई कुर्डीकर, केसरबाई केरकर अशा दुसऱ्या, निरोगी गळ्यांतून. त्यांतल्या केसरबाईंची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत घालून अमेरिकेने अवकाशात धाडली. त्याच वर्षी सप्टेंबरात बाई वारल्या. ती याने आता सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे गेली आहेत.