पोथी, प्रत आणि किल्ली

रिठदकर मंडळी, आज पोथ्यांचा इतिहास सांगायचा आहे. पण सुरुवात आमच्याच फजितीपासून करतो. तीस वर्षांची टिपणं आम्ही एकाच संगणकात ठेवली होती. एके दिवशी हार्ड डिस्क उडाली, सगळं गेलं. नात म्हणाली, "आजोबा, क्लाउडवर का नाही ठेवलंत?"

आता क्लाउड म्हणजे आभाळात काही नसतं बरं का! दुसऱ्याच्या जागेत, दुसऱ्याच्या यंत्रांवर आपल्या कागदांच्या प्रती ठेवायच्या, एवढंच. गूगल ड्राइव्ह २०१२ साली आलं, सरकारचं डिजिलॉकर २०१५ साली. पण खाजगी लेखन जपायचं कसं, हा प्रश्न आपल्या वऱ्हाडात सातशे वर्षं जुना आहे.

आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर घ्या. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस माणसं गाठून गाठून गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या. तेच लीळाचरित्र. पुढे यादवांचं राज्य मोडलं, त्या धामधुमीत मूळ पोथी हरवली. मग ग्रंथ वाचला कसा? तर हिराइसेसारख्यांना तो पाठ होता! स्मरणातून तो पुन्हा लिहिला गेला. मात्र पाठ एकसारखे निघाले नाहीत. त्या पाठभेदांशी अभ्यासक अजून झगडतात.

दुसरी गोष्ट कुलपाची. महानुभावांनी सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्या वापरल्या. पोथी परक्याच्या हाती पडली, तरी अक्षर लागत नसे. किल्ली पंथापाशीच. विसाव्या शतकाच्या आरंभी ती अभ्यासकांना उलगडली; तोवर मराठीतला हा आद्य गद्यग्रंथ बाहेरच्या वाचकाला जवळपास अज्ञातच होता. कुलूप इतकं पक्कं, की ठेवाच झाकला गेला.

क्लाउड प्रती छान सांभाळतं. पण कुलपाची किल्ली बहुधा कंपनीकडेच असते, हे आपण विसरतो. म्हणून खरोखर खाजगी कागद असेल, तर तो आधी आपल्या कुलपात घालावा, मग वर चढवावा. आणि किल्ली कुठे आहे, हे घरातल्या एका विश्वासू माणसाला ठाऊक असावं; नाहीतर आपल्यामागे ती फाइल म्हणजे न लागणारी पोथी.

आम्ही आता तसंच केलंय. पासवर्ड नातीला सांगितलाय. तिनं तो कुठेही लिहिलेला नाही, पाठ केलाय.