मानेच्या शिरा, एमएस आणि सोनोग्राफीचे पाच निकष

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, या आजारात मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरचे मायलिनचे आवरण जागोजागी नष्ट होते आणि तिथे चट्टे पडतात. असे चट्टे बारीक रक्तवाहिन्यांच्या भोवती असतात, हे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रिंडफ्लाइश यांनी १८६३ मध्येच नोंदवले होते. पुढे या आजाराकडे प्रतिकारशक्तीच्या बिघाडाचा परिणाम म्हणून पाहिले जाऊ लागले, आणि आजची बहुतेक औषधे त्याच समजुतीवर उभी आहेत. तरी शिरा तुंबल्यानेच हे सारे होत असावे, ही शंका अधूनमधून डोके वर काढत राहिली. १९३० च्या दशकात अमेरिकेत ट्रेसी पटनम यांनी कुत्र्यांच्या मेंदूतल्या शिरा बंद करून तसले चट्टे पडतात का, हे तपासले होते.

मेंदूतून रक्त खाली कसे उतरते, हे जिवंत माणसात सुई न टोचता पाहता येऊ लागले ते डॉप्लर सोनोग्राफीमुळे. बर्लिनच्या वाल्दुएझा आणि सहकाऱ्यांनी २००० साली निरोगी स्वयंसेवकांवर मोजमाप केले. आडवे झोपले असता मानेतल्या दोन्ही ज्यूगुलर शिरांतून मिनिटाला सुमारे ७०० मिलिलिटर रक्त उतरत होते. उभे केल्यावर ते ७० वर आले आणि मणक्यालगतच्या शिरांनी भार उचलला. उभ्या माणसाची ज्यूगुलर शीर जवळजवळ मिटलेलीच असते, ही साधी गोष्ट पुढच्या वादात अनेकदा विसरली गेली.

इटलीतल्या फेरारा विद्यापीठातले रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद पाओलो झांबोनी यांच्या पत्नीला एमएस झाला आणि ते या विषयाकडे वळले. २००९ मध्ये त्यांनी पाच निकष मांडले: बसून आणि झोपून, दोन्ही वेळा मानेच्या शिरांत उलटा प्रवाह; मेंदूच्या खोल शिरांत उलटा प्रवाह; ज्यूगुलर शीर अरुंद असणे; एखाद्या शिरेत प्रवाहच न सापडणे; आणि बसल्यावर मिटायची ती शीर उलट रुंदावणे. पाचपैकी दोन जुळले की ‘सीसीएसव्हीआय’, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूच्या शिरांची जुनाट अकार्यक्षमता. त्यांच्या ६५ रुग्णांपैकी प्रत्येकात निकष जुळले आणि तुलनेच्या २३५ जणांपैकी एकातही नाही. वैद्यकात इतका स्वच्छ निकाल सहसा लागत नाही, आणि खरे तर सावध व्हायला तेवढे पुरेसे होते.

ही तपासणी दिसायला सोपी आहे. रुग्णाला वरखाली करता येणाऱ्या खाटेवर घ्यायचे, मानेला जेल लावायचे आणि प्रोब टेकवायचा. पण शिरेची भिंत पातळ असते. प्रोब जरा जोराने दाबला गेला की शीर चपटी होते आणि पडद्यावर ‘अरुंद’ दिसते. मान वळली, आवंढा गिळला, दीर्घ श्वास घेतला, नाहीतर सकाळपासून पाणी कमी पोटात गेले असले तरी रुंदी बदलते. ज्यूगुलर शिरेच्या खालच्या टोकाला असलेली झडप निरोगी माणसातही थोडीफार गळते. पाचपैकी दोन निकष भरायला यातल्या एखाद-दोन गोष्टीही पुरत.

नोव्हेंबर २००९ मध्ये कॅनडाच्या सीटीव्ही वाहिनीवर झांबोनी यांच्या कामावर कार्यक्रम झाला आणि फुगा घालून शीर रुंद करण्याच्या अँजिओप्लास्टीला ‘मुक्ती’चे नाव मिळाले. एमएसचे प्रमाण मोठे असलेल्या त्या देशात सरकारी विम्यातून ही प्रक्रिया होत नसल्याने रुग्ण पोलंड, कोस्टा रिका, मेक्सिको आणि भारतातल्याही खासगी रुग्णालयांकडे निघाले. काहींच्या शिरांत गुठळ्या झाल्या, काहींच्या शिरेत बसवलेल्या जाळ्या (स्टेंट) जागेवरून सरकल्या, मृत्यूही झाले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०१२ मध्ये जाहीर इशारा दिला.

दरम्यान इतरत्र आकडे जुळेनात. अमेरिकेतल्या बफेलोत सुमारे ५६ टक्के एमएस रुग्णांत निकष जुळले, पण निरोगी लोकांतही जवळपास २३ टक्क्यांत. जर्मनीतल्या डोएप यांच्या गटाला तर एकाही रुग्णात दोन निकष सापडले नाहीत. निर्णायक ठरला तो इटलीतलाच ‘कॉस्मो’ अभ्यास. त्यात स्थानिक सोनोलॉजिस्टांनी २५० जणांत दोष असल्याचे सांगितले. तीच चित्रणे, कोण रुग्ण हे ठाऊक नसलेल्या मध्यवर्ती तज्ज्ञांनी पाहिली तेव्हा त्यांतले ३८ उरले. रुग्णांत प्रमाण सव्वातीन टक्के, निरोगी लोकांत दोनच्या थोडे वर. तपासणाऱ्यांना पुरेसे प्रशिक्षण नव्हते, असा झांबोनी यांचा आक्षेप होता. पण ज्या तपासणीचा निकाल हातागणिक इतका बदलतो, तिच्या भरवशावर शिरेत फुगा कसा घालायचा, याचे उत्तर त्यात नव्हते. कॅनडात ट्राबुलसी यांच्या गटाने थेट कॅथेटरने चित्रण केले. शीर निम्म्याहून अधिक अरुंद असण्याचे प्रमाण रुग्णांत ७४ टक्के, त्यांच्या भावंडांत ६६ आणि नाते नसलेल्यांत ७० टक्के निघाले.

उपचाराची कसोटी शेवटी झाली. कॅनडातल्या १०४ रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांच्या शिरेत फुगा फुगवला आणि बाकीच्यांवर केवळ देखावा केला. वर्षभराने दोन्ही गटांत फरक नव्हता. इटलीतल्या ‘ब्रेव्ह ड्रीम्स’ चाचणीत ११५ रुग्ण होते. तिचा निष्कर्ष २०१७ मध्ये छापून आला: या उपचाराने एमएसच्या रुग्णांना लाभ होत नाही, तो सुचवता येत नाही. त्या निबंधाचे पहिले लेखक होते पाओलो झांबोनी.