उसाच्या फडातून आलेली करवत

काळेवाडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी फर्निचरची तीन-चार दुकानं आहेत. तिथला कुठलाही जुना मिस्त्री हातमशीनने सनमायका लावलेला प्लाय कापताना चकचकीत बाजू खाली करतो आणि मागच्या बाजूवर रेघ मारतो. नवखा पोरगा नेमकं उलट करतो, कारण चांगली बाजू डोळ्यांसमोर असावी असं कुणालाही वाटतं. पोराच्या कापाला कपच्या उडतात, मिस्त्रीच्या नाही. असं का होतं, याचं उत्तर शोधायला आज आपण बरंच लांब जाणार आहोत. थेट अमेरिकेतल्या उसाच्या फडात.

गोल करवत तशी जुनी. इंग्लंडमध्ये सॅम्युएल मिलरच्या १७७७ सालच्या पेटंटमध्ये ती आहे. पण या करवती जागेवर बसवलेल्या असायच्या, लाकूड त्यांच्याकडे न्यावं लागे. करवतच लाकडाकडे नेण्याची युक्ती निघाली १९२० च्या दशकात, लुइझियानात. एडमंड मिशेल नावाच्या माणसाने मजुरांना कोयत्यासारख्या सुऱ्यांनी ऊस तोडताना पाहिलं आणि त्या सुऱ्यालाच मोटर लावायचा घाट घातला. पुढे सुरा गेला, गोल पातं आलं. जोसेफ सलिव्हनच्या साथीने १९२४ साली कंपनी निघाली. तिचं ‘स्किलसॉ’ हे नाव तिकडे इतकं रुळलं, की अशा कुठल्याही मशीनला लोक स्किलसॉच म्हणतात. आपण नाही का कुठल्याही लॅमिनेटला सनमायका म्हणत, तसंच.

गंमत बघा. ऊस काही त्या मशीनने तुटला नाही. शंभर वर्षांनी आपल्याकडे बीडहून निघालेल्या टोळ्या अजून कोयत्यानेच ऊस तोडतात, आणि उसासाठी सुचलेलं मशीन गेलं सुताराच्या हातात. (पिंपरी-चिंचवडच्या बातम्यांत कोयता हल्ली कशासाठी येतो ते तुम्हाला माहीतच आहे. तो आजचा विषय नाही.)

आता कपच्यांकडे येऊ. हातमशीनचं पातं लाकडात वरून शिरतं, आणि पुढे ढकलताना त्याची पुढची कड खालून वर फिरत असते. हे मुद्दाम तसं केलेलं आहे. वर येणारे दात फळीला मशीनच्या बेस प्लेटकडे ओढून धरतात, त्यामुळे मशीन बसून राहतं. उलटं फिरवलं तर पातं चाकासारखं फळीवर चढून पळत सुटेल. म्हणजे माणूस वाचावा म्हणून दिशा ठरली, आणि भुर्दंड पडला फळीच्या वरच्या बाजूला. दात तिथून बाहेर पडतात, बाहेर पडताना कडेचे तंतू उचकटतात. टेबल सॉचं पातं खालून वर आलेलं असतं, तिथे पुढच्या कडेचे दात वरून खाली जातात. म्हणून त्यावर चांगली बाजू वर ठेवायची.

त्या काळच्या अमेरिकन सुताराला याची फिकीर नव्हती. तो घराच्या सांगाड्याचे वासे कापत होता, कड भिंतीत झाकली जायची. आपल्याकडे मशीन रुळलं ते प्लायवर. देशातल्या प्लायचा धंदा आसामात चहाच्या पेट्यांवर वाढला. १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ईशान्येकडच्या जंगलतोडीला चाप लावला, आणि धंद्याचा मोठा भाग यमुनानगरच्या पॉप्लरकडे आणि केरळच्या रबराच्या लाकडाकडे वळला. आत लागवडीचं लाकूड, वर जेमतेम कागदाइतका फेस. तो फेस उचकटायला कितीसा जोर लागणार?

इकडे १९६२ साली एमआयडीसी आली, पवनेच्या पलीकडे कारखाने वाढले आणि काळेवाडीतल्या शेतांवर आधी चाळी, मग इमारती उभ्या राहिल्या. प्रत्येक फ्लॅटला किचन, वॉर्डरोब, टीव्हीचं युनिट. पात्याच्या दातांवरचं कार्बाइड मात्र आपल्याला नवखं नव्हतं. ते १९२० च्या दशकात जर्मनीत क्रुपने ‘विडिया’ नावाने बाजारात आणलं, म्हणजे हिऱ्यासारखं. आपल्या दापोडीत सँडविकचा कार्बाइडच्या हत्यारांचा कारखाना १९६० पासूनचा आहे. प्लायमधला डिंक आणि सनमायका साध्या पोलादी दातांना लवकर बोथट करतात, कार्बाइड तग धरतं.

मिस्त्री काय काय करतो, ते आता नीट लागतं. सात इंची पात्याला चोवीसऐवजी चाळीस ते साठ दात घेतो, म्हणजे प्रत्येक दात कमी ओरबाडतो. पातं प्लायच्या खाली जेमतेम दोन सूत उतरेल एवढंच ठेवतो. पातं जितकं खोल, तितके दात पृष्ठभागातून उभे बाहेर पडतात आणि जास्त उचकटतात. शीट जमिनीवर जुन्या थर्माकोलवर पसरतो, म्हणजे कापलेले दोन्ही तुकडे जागेवर राहतात आणि पातं अडकत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा सरळ पाइप दोन सी-क्लॅम्पने आवळतो आणि बेस प्लेट त्याला घासत नेतो. रेघेवर मास्किंग टेप लावणारेही आहेत. थोडा फरक पडतो, पण मला तरी त्याचा फार भरवसा वाटत नाही.

एक गोष्ट बघून मात्र पोटात गोळा येतो. फरशी कापायच्या मार्बल कटरला लाकडाचं पातं लावून काम करणं. स्वस्त पडतं, हलकं असतं, म्हणून सर्रास चालतं. पण त्याला पातं आपोआप झाकणारं खालचं स्प्रिंगचं गार्ड नसतं, आणि ते मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतं. पात्यावर जास्तीत जास्त फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो, तो मशीनपेक्षा कमी असेल तर ते पातं त्या मशीनवर चढवूच नये. काप होऊन मशीन खाली ठेवताना पातं अजून उघडंच फिरत असतं, आणि जमिनीवर बसून काम करणाऱ्याची मांडी तिथून वीतभर अंतरावर असते.

राहिला प्रश्न दोन्ही बाजूंना सनमायका असलेल्या शीटचा. तिथे खाली ठेवायला वाईट बाजूच नाही. मग वरच्या बाजूला आधी धारदार कटरने रेघेवर दोन-तीनदा चरा मारायचा, किंवा पहिला फेरा एखाद्या मिलिमीटरएवढा उथळ घ्यायचा आणि दुसऱ्यात पूर्ण कापायचं. जर्मनीत विल्हेल्म आल्टेनडॉर्फने १९०६ साली सरकत्या टेबलाची करवत आणली, तिच्याच घराण्यातल्या आजच्या पॅनेल सॉला मुख्य पात्याच्या पुढे एक छोटं पातं असतं. ते उलट्या दिशेने फिरून हाच चरा आधी मारून ठेवतं. शीट एक-दोनच असतील तर हाताने चरा मारणं परवडतं. अख्खं किचन असेल तर शीट टेम्पोत घालून पॅनेल सॉवाल्याकडे न्याव्यात, असं माझं मत.