माळ्यावरचा डबा

गेल्या दिवाळीत माळा आवरताना हिरव्या तेलरंगाचा अर्धा डबा सापडला. 1982 साली दारं-खिडक्या रंगवल्या, त्यातला उरलेला. नात म्हणाली, "आजोबा, मोरीत ओतू?" मी ओरडलोच. मग माझीच मला लाज वाटली. शाळेचे बाक रंगवून उरलेला रंग मी मुलांकरवी गटारात ओतवला होता, तोही हौसेने.

इतिहास शिकवणाऱ्याला हा इतिहास ठाऊक हवा होता. 1904 साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचे डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी दाखवले, की मुलांना होणाऱ्या शिसेबाधेचे मूळ व्हरांड्याच्या कठड्यांच्या रंगात आहे. 1921 साली जिनिव्हात आंतरराष्ट्रीय करार झाला. इमारतींच्या आतल्या रंगकामात शिशाच्या सफेत्याला, काही अपवाद सोडून, मनाई झाली. अमेरिकेने घरगुती रंगांवर 1978 साली बंधन घातले. आपल्याकडे शिशाची 90 पीपीएमची मर्यादा लागू झाली नोव्हेंबर 2017 मध्ये. ब्रिस्बेननंतर 113 वर्षांनी!

रंगाचे डबे, कीटकनाशके, फुटके थर्मामीटर, मुदत संपलेली औषधे हा 'घरगुती घातक कचरा' वेगळा द्यायचा, हे 2016 च्या घनकचरा नियमांनी सांगितले.

आमचा डबा घट्ट बंद करून, वर 'जुना तेलरंग' अशी चिठ्ठी चिकटवून, पालिकेच्या संकलन केंद्रावर देऊन आलो. गटारात गेलेला तो रंग मात्र परत आणता येत नाही. ती मुलं आता पन्नाशीची असतील. कुणी हे वाचत असेल, तर बाळांनो, तुमच्या मास्तरांचा तो धडा चुकीचा होता. आपापला माळा एकदा तपासा.