परतीचं तिकीट

माझी थोरली बहीण लग्न होऊन हैदराबादला गेली, तेव्हा मी घाटकोपरच्या शाळेत शिकत होतो. पावसाळ्याच्या तोंडाशी अम्मी दरवर्षी तिच्याकडे जायची. जाण्याचं तिकीट काढायला अब्बा पहाटेच बोरीबंदरला जाऊन रांग धरत. परतीचं मात्र त्यांच्या हातात नसे, कारण त्या गाडीची वही तिकडे. इथे अर्ज द्यायचा, तिकडे तार जायची, मग उत्तराची वाट बघायची. त्यापेक्षा दुल्हाभाईंना पत्र टाकणं सोपं. जावयाला रांगेत उभं करायचं म्हणजे अम्मीला ओशाळल्यासारखं व्हायचं. पण इलाज नव्हता.

मग आपाचं पत्र यायचं. तारीख अमुक, डबा अमुक, बर्थ अमुक. आणि दरवेळी एक ओळ ठरलेली: तुम्ही सांगितलेल्या तारखेला जागा नव्हती, चार दिवस पुढचं मिळालं. अब्बा चिडत, पण खरं-खोटं करणार कसं?

आजच्या मुलांना ही वही समजावून सांगावी लागते. प्रत्येक गाडीचं, प्रत्येक तारखेचं रजिस्टर असे आणि त्यात हातानं नावं लिहिली जात. शिवाय एकाच गाडीतले बर्थ निरनिराळ्या स्टेशनांना कोटा म्हणून वाटून दिलेले. म्हणजे गाडी एक आणि तिचा हिशोब चार गावांत. एका गावात वेटिंग लिस्ट लांबत असताना दुसऱ्या गावाच्या वाट्याचे बर्थ मोकळे असू शकत. दोन्ही वह्या शेजारी ठेवून ताडून पाहणारं कोणी नव्हतं. ते काम नातेवाईक करायचे. ज्याचं गावोगाव कोणी नाही, त्यानं तारेवर भिस्त ठेवायची.

१९८५ साली दिल्लीत संगणकावर आरक्षण सुरू झालं. सीएमसी या तेव्हाच्या सरकारी कंपनीनं ती प्रणाली तयार केली होती. पुढे मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद इथेही संगणक आले. आपल्या उपनगरांत अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर अशा ठिकाणी खिडक्या झाल्या आणि बोरीबंदरची पहाट संपली. अब्बांचा त्यावर बरेच दिवस विश्वास नव्हता, तो भाग वेगळा. पण पाच शहरांतल्या या पाच संगणकांची आपापसांत बोलचाल नव्हती. कागदाची वही यंत्राची झाली, एवढंच. परतीसाठी आमचं पत्र जातच राहिलं.

या पाचांना बोलतं केलं ते रेल्वेच्याच ‘क्रिस’ या संस्थेनं. ती १९८६ची. तिच्या नव्या प्रणालीचं नाव ‘कॉन्सर्ट’. इंग्रजी अद्याक्षरं जुळवून ते केलेलं आहे, पण माझ्यासारख्या कवीला त्यात मैफलच ऐकू येते. माझ्या अडाणी डोक्याला वाटलं असतं, सगळ्या वह्या उचलून दिल्लीला एका कपाटात ठेवाव्यात. क्रिसनं तसं केलं नाही. पाचही शहरांचे संगणक जागच्या जागी राहिले. घाटकोपरच्या खिडकीवर सिकंदराबादच्या हिशोबातली गाडी मागितली, की मुंबईचा संगणक तो प्रश्न तारेवरून सिकंदराबादला पाठवतो आणि तिथलं उत्तर काही क्षणांत इथल्या पडद्यावर उमटतं. एक गाडी, एका तारखेचा हिशोब एकाच जागी. त्यामुळे एक बर्थ अंधेरीत आणि हैदराबादेत एकाच वेळी दोघांना विकला जात नाही. एकाचा व्यवहार चालू असेल, तर तो पुरा होईपर्यंत त्या नोंदीला कुलूप असतं. व्यवहारही पुरा झाला तर झाला, नाहीतर मुळीच नाही. इथे पैसे कापले आणि तिकडे नाव चढलंच नाही, असं अर्धवट काही ठेवायचं नाही. एवढ्या मोठ्या देशात हे जमवायचं म्हणजे खायची गोष्ट नव्हे. १९९४ साली सिकंदराबादला ही प्रणाली प्रथम सुरू झाली आणि एप्रिल १९९९पर्यंत पाचही केंद्रं जोडली गेली. २००२ साली इंटरनेटवर तिकीट मिळू लागलं, तेही याच पायावर.

जोडणी पुरी झाली त्याच वर्षी पावसाळ्यात मी अम्मीला घेऊन घाटकोपरच्या खिडकीवर गेलो. अब्बा तेव्हा नव्हते. जाण्याचं तिकीट झालं. ‘परतीचंही इथेच मिळेल,’ क्लार्क म्हणाला आणि त्यानं तारीख विचारली. अम्मीनं सांगितली, आणि सवयीनं पुढे म्हणाली, ‘त्या दिवशी नसेलच.’

‘आहे की. आजी, पावसाळ्यात कोण जातंय? पुढच्या-मागच्या सगळ्या तारखांना आहे.’

अम्मीनं माझ्याकडे पाहिलं. मग काचेपलीकडच्या पडद्याकडे. तिच्या डोक्यात मागच्या सगळ्या पावसाळ्यांचा हिशोब चालला असावा. मागचे लोक कुरकुरू लागले. क्लार्कनं पुन्हा तारीख विचारली.

‘चार दिवस पुढचं द्या,’ अम्मी म्हणाली.